मराठीतल्या स्वतंत्र कलाकारांची नवी गाणी कशी शोधायची?

आवडलेल्या एका गाण्यापासून सुरुवात करा आणि यूट्यूबवर त्याखालचे क्रेडिट्स नीट वाचा. संगीत कुणाचं, मिक्सिंग कुणी केलं, सोबत कोण गायलं? त्यातलं एकेक नाव शोधत गेलात की पुढची गाणी सापडत जातात.

मला मुंबईच्या 'स्वदेसी' या हिपहॉप गटाचं आरेच्या जंगलावरचं २०१९ चं गाणं फार भावलं. त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच गटामुळे मी अमरावतीच्या '१०० आरबीएच' या रॅपरपर्यंत पोचले. वऱ्हाडीतला रॅप! आपली बोली अशी ताठ मानेने ऐकली की अंगावर काटा येतो.

बँडकॅम्प या कलाकारांची गाणी थेट विकणाऱ्या संकेतस्थळावर 'पुणे', 'मुंबई' असे शहरांचे टॅगही चाळा. गाणं आवडलं तर तिथेच विकत घ्या, बहुतांश पैसे कलाकाराला मिळतात.