‘अपरोक्ष’मधला ‘अ’

प्रश्न असा: ‘देव माणसाला अपरोक्षपणे मार्ग दाखवतो’ असं प्रवचनात ऐकलं, ते बरोबर का? शिवाय, मार्ग दाखवतो तर देव दिसत का नाही?

चूक, साफ चूक. ‘माझ्या अपरोक्ष भावाने घर विकलं’ असली वाक्यं ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. परोक्ष म्हणजे नजरेआड. अपरोक्ष म्हणजे अगदी समोर. म्हणजे घर डोळ्यांदेखत विकलं! ‘रूढ झालंय, चालू द्या’ म्हणणाऱ्यांचं मी मुळीच ऐकणार नाही. बृहदारण्यक उपनिषद ब्रह्माला ‘साक्षादपरोक्षात्’ म्हणतं, म्हणजे थेट, अगदी समोरचं. शंकराचार्यांच्या नावावर ‘अपरोक्षानुभूति’ हा ग्रंथ आहे. तिथे हा रूढ अर्थ घातला तर ब्रह्मच गैरहजर!

‘परोक्ष’चं खरं वैभव ऐतरेय उपनिषदात बघा. देहात शिरलेला आत्मा ब्रह्म पाहतो आणि म्हणतो, ‘इदम् अदर्शम्’, हे मी पाहिलं. म्हणून त्याचं नाव इदंद्र. पण त्याला म्हणतात इंद्र, कारण ‘परोक्षप्रिया इव हि देवाः’. देवांना जणू आडपडदाच प्रिय. हे वाक्य तिथे लागोपाठ दोनदा येतं. मधला एवढासा ‘द’ गळाला, ‘इदम्’ मोडला, आणि ‘हा बघा’ म्हणून बोट दाखवायची सोयच गेली! यास्कानेही निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या ग्रंथात, इंद्राच्या अनेक व्युत्पत्तींमध्ये औपमन्यव या आचार्याची ‘इदं दर्शनात्’ (‘हे पाहिलं म्हणून’) नोंदवली आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ तिला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या उच्चारसाम्यावरून जुळवलेली, म्हणून झटकून टाकतात. ध्वनिनियमांना ती पटत नसेल, पण देव कसा लपतो हे एका अक्षरात सांगणारी दुसरी व्युत्पत्ती त्यांनी मला दाखवावी.

आता पतंजली, व्याकरणावरच्या महाभाष्याचा कर्ता. पाणिनीचं सूत्र आहे ‘परोक्षे लिट्’, म्हणजे नजरेआड घडून गेलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं ‘लिट्’ हे भूतकाळी रूप वापरा. त्यावर तो विचारतो, परोक्ष म्हणायचं तरी कशाला? कोणी म्हणतं शंभर वर्षांपूर्वीचं, कोणी हजार, कोणी भिंतीआडचं किंवा चटईआडचं. मग तो शाकटायनाची गोष्ट सांगतो. हा वैयाकरण रथमार्गावर बसला होता, चांगला जागा होता. गाड्यांचा अख्खा तांडा गेला, त्याला पत्ताच नाही. मन जोडलेलं नसेल तर इंद्रियांना काही कळत नाही, असं पतंजलीचं म्हणणं. माझ्या मते देवाचं परोक्षपण या जातीचं आहे, भिंतीआडचं नाही. शेलेनबर्ग हे कॅनडाचे तत्त्वज्ञ १९९३ पासून मांडत आले आहेत की प्रेमळ देव असता, तर ज्याने मनाचं दार लावून घेतलेलं नाही अशा कोणालाही त्याच्याविषयी शंका उरली नसती. त्यांना ही गोष्ट ऐकवायला हवी. शाकटायनाने तरी कुठे दार लावलं होतं?

प्रवचनातल्या वाक्यात ‘परोक्षपणे’ हवं. घराच्या वाक्यात ‘माझ्या परोक्ष’. आणि तिथे ‘माझ्या पश्चात’ही लिहू नका, ते मेल्यानंतरचं.