वजनाच्या रकान्यात मोहल्ल्याचं नाव का येतं?

प्रश्न : नमस्कार ताई. मी कळमना बाजारातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. धर्मकाट्याच्या कॉम्प्युटरमधून रोजच्या पावत्यांची टेक्स्ट फाइल मिळते, आमच्या सीएंना ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली फाइल, करून हवी असते. मी नोटपॅडमध्ये सगळ्या टॅबच्या जागी स्वल्पविराम टाकले. आता काही ओळींत वजनाच्या जागी मोहल्ल्याचं नाव दिसतं. पावती नंबरातली सुरुवातीची शून्यंही गेली. नमुन्याची ओळ सोबत पाठवतो.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमच्या ओळीत चार रकाने आहेत. पावती ००४१७, मग एमएच ४९ची गाडी, मग पत्ता 'प्लॉट १४, जुना बगडगंज, नागपूर' आणि शेवटी वजन '१८,४५०'. पत्त्यात दोन आणि वजनात एक, असे तीन स्वल्पविराम आधीपासूनच होते. त्यात तुम्ही टॅबच्या जागचे तीन घातले. कोणता स्वल्पविराम रकाना तोडणारा आणि कोणता पत्त्यातला, हे एक्सेलला कसं कळणार? चाराचे सात रकाने झाले आणि चौथ्यात जुना बगडगंज येऊन बसलं.

सीएसव्हीत यासाठी सोय आहे. ज्या मजकुरात स्वल्पविराम असेल तो दुहेरी अवतरणात ठेवायचा, आणि आतच दुहेरी अवतरण आलं तर ते दोनदा लिहायचं. २००५च्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात हे लिहून ठेवलंय. पण हे हातानं करू नका. फाइल टॅबची आहे तशीच एक्सेलला वाचू द्या, अवतरणं तोच घालतो.

नवी कोरी शीट उघडा. 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि मूळ फाइल निवडा. डिलिमिटर, म्हणजे रकाने तोडणारं चिन्ह, 'टॅब' ठेवा. नावं मराठीत असतील आणि विचित्र चिन्हं दिसत असतील, तर फाइल ओरिजिन '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' करा. लगेच 'लोड' दाबू नका, 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जा.

शून्यं इथेच वाचतात. एक्सेलनं पावतीच्या रकान्याला आकडा समजून ००४१७चे ४१७ आधीच केलेले असतात. त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. मग तो विचारतो, 'रिप्लेस करंट' की 'अ‍ॅड न्यू स्टेप'? 'रिप्लेस करंट'च घ्या. दुसरा पर्याय घेतलात तर ४१७ हाच आकडा टेक्स्ट होईल, शून्यं परत येणार नाहीत. शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचा रकाना असेल तर त्यालाही हेच करा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच नीट ठेवतो, पुढच्यांची शून्यं करतो. खाते नंबर असा बिघडला तर एखाद्याचे पैसे अडकतील, म्हणून हा रकाना मला सगळ्यांत जास्त जपावासा वाटतो.

मग 'क्लोज अँड लोड' करा आणि 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. साधं 'सीएसव्ही' घेतलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. सीएसव्हीत समोर उघडी असलेली एकच शीट जाते, हेही लक्षात असू द्या.

तयार फाइल तपासायला डबल क्लिक करू नका. एक्सेल पुन्हा शून्यं खातो, आणि तशीच सेव्ह झाली तर सगळी मेहनत वाया. ती नोटपॅडमध्ये उघडा, पत्त्याभोवती अवतरणं आणि ००४१७ जागेवर दिसले की सीएंना पाठवा. धर्मकाट्याची मूळ फाइल मात्र पुसू नका.