आईबाबांना घेऊन क्विन्सी कॉपर माईनला जाणं वर्थ आहे का?

शिकागोहून सात तास ड्राईव्ह करून आईबाबांना तांब्याची जुनी खाण दाखवायला न्यावं का, असं विचारलंय तुम्ही. न्या. ‘खड्डा बघायला एवढं लांब?’ हे माझा मेव्हणा पण बोलला होता, म्हणून लिहितोय.

माझे बाबा परळला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. 82च्या संपात नोकरी गेली. मिशिगनमधल्या हॅनकॉकला, खाणीवर पोचलो तर सगळे त्या अवाढव्य स्टीम होइस्टचे (खाणीतून माल वर ओढायचं वाफेचं यंत्र) फोटो काढतायत, बाबांनी फक्त ‘याला तेलपाणी कोण करायचं?’ एवढं विचारलं आणि बाहेर. मग ट्रॅमने टेकडी उतरून भुयारात. खाणीला एकाखाली एक अशा 92 लेव्हल आहेत, सातवीच्या खाली सगळं पाण्यात. गाईडने लाइट घालवून एकच मेणबत्ती ठेवली आणि सांगायला लागला, इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे लोक कॅप्टन, म्हणजे मुकादम व्हायचे आणि मागून आलेल्या फिनलंडवाल्यांच्या वाट्याला दगडाच्या गाड्या ढकलणं. मग 1913चा संप. दोघांनी चालवायचं ड्रिल काढून एकट्याने चालवायचं आणलं, आत दगड पडला तर हाक ऐकायलाही शेजारी कोणी नाही. मी बाबांच्या कानात मराठीत सांगत होतो. ते म्हणाले, ‘म्हणजे दोनाचे चार साचे.’ मग जरा वेळाने, ‘मिटला कधी?’ म्हटलं एप्रिल 1914, कामगार हरले. ‘आमचा अजून मिटलेलाच नाही.’

पुढे कॅल्युमेटला पण जा. 24 डिसेंबर 1913, संपवाल्यांच्या पोरांची ख्रिसमस पार्टी, कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं, आग नव्हतीच, जिन्यात चेंगरून 73 गेले, बहुतेक लहान मुलं. इमारत पाडली, दाराची कमान तेवढी ठेवलीय. बाबा तिथे चप्पल काढून उभे राहिले.

घरी आल्यावर मेव्हणा म्हणतो, ते मजूर रे, आपण शिकून आलोय, कम्पेअर काय करतोस. अरे, त्यांची घरं कंपनीची, काम गेलं की घर गेलं. तुझा लेऑफ झाला तेव्हा कॅलेंडरवर व्हिसाचे 60 दिवस, नवी नोकरी नाही तर देश सोडा, हे कोण मोजत होतं?

असो. आत उन्हाळ्यात पण 6 डिग्री असतं, जॅकेट न्या. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून विचारा. बर्फाच्या दिवसांत नकोच. आणि तिकडे पेस्टी मिळते, खाणवाल्यांचा डबा, खिमा-बटाटा भरलेली मोठ्ठी करंजीच. मांस कसलं ते खायच्या आधी विचारा. आम्ही नंतर विचारलं, आईला अजून सांगितलेलं नाही.