खूण मागण्याआधी बाबांशी बोललीस का?

*ताई, मी २९ वर्षांची. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशात प्रवेश मिळालाय. जावं अशी देवाची इच्छा आहे का, हे कळावं म्हणून सहा महिने प्रार्थना करतेय. 'मंगळवारपर्यंत अमुक झालं तर जायचं' अशा खुणाही मागून पाहिल्या. देव गप्पच. चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "देवाची इच्छा दिसत नाही." झोप उडालीय. घरी बाबा एकटे असतात. – गोंधळलेली*

तुझं मूळ पत्र चार पानांचं. त्यात 'खूण' हा शब्द अकरा वेळा आलाय (हो, मोजले) आणि बाबा एकदाच, तेही शेवटच्या ओळीत.

बायबलमधल्या गिदोनाची लोकर तुला आठवत असेल. त्यानं देवाकडे खूण मागितली: एका रात्री लोकर भिजावी नि जमीन कोरडी राहावी, दुसऱ्या रात्री उलट. पण काय करायचं ते देवानं त्याला त्याआधीच सांगितलं होतं. कमी होता तो धीर. देवानं त्याला सांभाळून घेतलं, म्हणून ती आपली रीत करायची गरज नाही. खरं सांगू? तुझ्या मंगळवारच्या अटीत मला नम्रता कमी दिसते आणि उद्या बिनसलं तर 'मी कुठे ठरवलं होतं?' म्हणायची सोय जास्त.

याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात बेत करू नका असं म्हणत नाही. अमुक नगरात जाऊ, वर्षभर राहू, कमावू, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना तो 'प्रभूची इच्छा असेल तर' एवढं जोडायला सांगतो. ते नुसतं तोंडी लावण्यापुरतं नको. संत इग्नेशियस लोयोला १५२३ साली यरुशलेमला गेले ते कायमचं राहायचं ठरवूनच. तिथल्या फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. १५३४ मध्ये पॅरिसला सहा सोबत्यांसह त्यांनी पुन्हा यरुशलेमचाच नवस केला, पण या वेळी नवसातच तरतूद ठेवली: वर्षभर वाट पाहूनही जाता आलं नाही, तर पोपकडे जायचं आणि ते पाठवतील तिथे काम करायचं. युद्धामुळे जहाज मिळालं नाही. ते रोमला गेले आणि १५४० मध्ये त्यांच्या येशूसंघाला (जेझुइट संघाला) पोपची मान्यता मिळाली.

तुझ्या बेतात असं 'नाहीतर' कुठेच नाही. बाबा आजारी पडले तर तू किती दिवसांत परतशील? प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, हे विचारलंस? पैसे मध्येच संपले तर? हे आधी कागदावर मांड आणि तो कागद समोर ठेवून प्रार्थना कर.

त्या वडीलधाऱ्यांचा मान ठेव, पण "तुम्हाला नेमकं काय खटकलं?" असं विचार. कारण सांगितलं तर शांतपणे तोलून बघ. नुसतंच "मला तसं वाटलं" म्हणाले, तर तुला सहा महिने जे वाटतंय त्याहून त्याला जास्त वजन देऊ नकोस.

आणि मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियस यांचाच नियम. रात्री दोन वाजता प्रवेश रद्द करायचा ईमेल लिहायला बसू नकोस.

बाबांना मात्र "जाऊ का?" असं विचारू नकोस. ते "जा" म्हणतील, बाबा तेच म्हणतात. "मी गेल्यावर तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल?" असं विचार आणि ते बोलेपर्यंत गप्प बस.