एकाच गाठीचे दोन रिपोर्ट?

प्रश्न : आईची सोनोग्राफी आधी सिन्नरला केली, ते म्हणाले ओव्हरीत साधी सिस्ट आहे, मग नाशिकला कॉलेज रोडला केली तर 'कॉम्प्लेक्स मास', म्हणजे गुंतागुंतीची गाठ! डॉक्टरांना हे नीट शिकवत नाहीत का?

उत्तर : शिकवतात हो, पण पुस्तक वाचून गाठ ओळखता येत नाही, शेकडो गाठी स्क्रीनवर बघितल्या की कुठे डोळा तयार होतो, आणि तालुक्याला तेवढ्या केसेस येतच नाहीत. म्हणून तर ओव्हरीच्या गाठींचा अभ्यास करणाऱ्या आयओटा या आंतरराष्ट्रीय गटाने 2008 मध्ये सोपे नियम काढले, 5 खुणा साध्या गाठीच्या, 5 कॅन्सरच्या संशयाच्या. एकच कप्पा असलेली सिस्ट, रक्तप्रवाह नाही, तर साधी. वेडीवाकडी घट्ट गाठ, पोटात पाणी, आत 4 किंवा जास्त कोंब, भरपूर रक्तप्रवाह, तर संशय. दोन्हीकडच्या खुणा दिसल्या किंवा एकही दिसली नाही तर अंदाज ठोकायचा नाही, जास्त अनुभवी माणसाकडे पाठवायचं, शिकाऊ डॉक्टरांना हेच सगळ्यात जड जातं (आमचा इगो, दुसरं काय). आणि 'कॉम्प्लेक्स' म्हणजे कॅन्सरच असं नाही, डर्मॉइड (आत चरबी, केस असलेली, बहुतेक वेळा साधीच गाठ) किंवा आत रक्त साचलेली सिस्टसुद्धा तशी दिसते. दोन्ही रिपोर्ट, फिल्मसकट, याच आठवड्यात गायनॅकला दाखवा, पाळी गेलेली असेल तर ते बहुतेक सीए 125 ची (ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती) रक्ततपासणी पण सांगतील.