टायरची नक्षी शाबूत होती, तरी दावा का नाकारला?

प्रश्न : वडिलांची 1971 सालची फिएट मी जपून ठेवली आहे, वर्षातून ती जेमतेम तीन-चारशे किलोमीटर फिरते. भाचीच्या लग्नाला जाताना कराडजवळ महामार्गावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी दुभाजकाला धडकली. कोणाला इजा झाली नाही. दुरुस्तीचा अंदाज 3 लाख 40 हजारांचा आहे. टायर कालबाह्य होते व मी गाडीची योग्य निगा राखली नाही, एवढेच कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला. नक्षी जवळपास नवी होती आणि टायरच्या वयावर बंधन घालणारा कायदा मला कोठेही सापडला नाही. नकाराचे पत्र मिळून एकवीस महिने झाले; तेव्हापासून मी कंपनीला सतत ई-मेल पाठवत आहे. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : असा कायदा आपल्याला सापडला नाही, कारण खासगी मोटारीसाठी तो आपल्याकडे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 नक्षीची खोली, उघडे पडलेले कापड आणि टायरला आलेला फुगवटा पाहतो; टायर किती जुना आहे हे विचारत नाही. ब्रिटनने 1 फेब्रुवारी 2021 पासून दहा वर्षांहून जुने टायर ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना वापरण्यास मनाई केली, पण खासगी मोटारी तेथेही त्या बंदीतून बाहेर आहेत. एवढ्यावर आपण निर्धास्त झालात, आणि नेमके तेथेच चुकलात.

आपला दावा तरेल की बुडेल हे पॉलिसीच्या चौथ्या शर्तीतील एका शब्दावर ठरणार आहे. वाहनाचे हानीपासून रक्षण व्हावे आणि ते कार्यक्षम स्थितीत राहावे यासाठी विमाधारकाने सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे ती शर्त सांगते. पन्नास वर्षांच्या गाडीच्या मालकाने काय करणे वाजवी होते, हा खरा प्रश्न आहे. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हाने, प्राणवायूने आणि ओझोनने म्हातारे होतच राहते. त्याला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मिसळलेले मेण टायर फिरताना, दबताना-ताणताना पृष्ठभागावर येते, आणि उभ्या गाडीत तेही नीट घडत नाही. म्हणून वर्षाला तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी हा टायरच्या प्रकृतीचा पुरावा धरता येत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी बदल, असा सल्ला मोठे टायर उत्पादक स्वतःच देतात.

आपण जोडलेल्या सर्व्हेअरच्या अहवालातील तिसरे छायाचित्र मी भिंगाखाली पाहिले. टायरच्या आतल्या बाजूला, रिमच्या कडेलगत, निर्मितीचा सांकेतिक क्रमांक आहे आणि त्याच्या शेवटी 238 हे तीनच आकडे आहेत. 2000 सालापासून तेथे चार आकडे येतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे; तीन आकडे असतील तर टायर त्याआधीचा. म्हणजे हा 1998 च्या तेविसाव्या आठवड्यातील असावा, किंवा त्याहूनही दहा वर्षांनी जुना. आकड्यांभोवती केसासारख्या बारीक तड्यांचे जाळे दिसते आहे. गाडी एकदा रॅम्पवर चढवून बॅटरी मारली असती तर हे कोणाही मेकॅनिकला दिसले असते. मोटार वाहन कायद्याचे कलम 190 देखील ‘साधारण काळजी घेतली असती तर लक्षात आला असता’ अशा दोषाला माहीत असलेल्या दोषाइतकेच धरते. वडिलांची गाडी जपणाऱ्या माणसाने रंग आणि क्रोम जपावे आणि जीव ज्यावर तोलला आहे तो टायर तसाच ठेवावा, याचे मला वाईट वाटते.

तरीही कंपनी पूर्ण हात झटकू शकते, असे मी मानत नाही. शर्तीचा भंग झाला आणि त्यामुळेच अपघात घडला, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. टायर वयामुळे उकलला की खड्ड्याच्या कडेने कापला गेला, हे अहवालात कोठेही तपासलेले नाही. म्हणून तो फुटलेला टायर आज कोठे आहे ते मला तातडीने कळवा आणि भंगारात गेला नसेल तर जपून ठेवा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदू साहू खटल्यात, शर्तीचा भंग झाला असतानाही दाव्याच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला. तो खटला वाहनाच्या वापराबद्दलचा होता, टायरचा नव्हता, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण पूर्ण रकमेची मागणी करताना पर्यायी मागणी 75 टक्क्यांची ठेवा. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझी आशा त्या पर्यायी मागणीवरच जास्त आहे.

गाडीची नव्याने ‘व्हीए’ मालिकेत, म्हणजे जुन्या ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठीच्या खास मालिकेत, नोंदणी केली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. 2021 च्या नियमांनुसार तशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, आणि लग्नाला जाणे त्यात बसवणे अवघड आहे. मात्र कंपनीच्या पत्रात हे कारण नाही, आणि नकाराच्या पत्रात नसलेली कारणे नंतर पुढे करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या गलाडा पॉवर निकालात म्हटले आहे. म्हणून ते पत्र पाकिटासह सांभाळा, आणि यापुढे कंपनीला स्वतःहून एक ओळही लिहू नका.

त्या ई-मेलांनी आपले एकवीस महिने खाल्ले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. स्मरणपत्रांनी ती वाढत नाही, आणि ‘पत्रव्यवहार चालू होता’ हे विलंबमाफीसाठी पुरेसे कारण सहसा मानले जात नाही. विमा लोकपालांकडे जाण्याची एक वर्षाची मुदत आपल्या बाबतीत बहुधा उलटून गेली आहे. उरलेल्या तीन महिन्यांची वाट न पाहता याच महिन्यात सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तक्रार कोणत्या आयोगात चालेल आणि तिला शुल्क किती, हे दाव्याच्या रकमेवर नव्हे तर भरलेल्या विमा हप्त्यावर ठरते, आणि 5 लाखांपर्यंतच्या हप्त्याला शुल्क नाही, त्यामुळे पैशांची सबब उरत नाही. कायद्याला अशा तक्रारीचा निकाल तीन ते पाच महिन्यांत हवा आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि सामान्य माणूस त्यात पिचतो, याचा संताप येतो, पण उशिरा लागलेला निकाल मुदतीबाहेर फेकलेल्या तक्रारीपेक्षा बरा. टायरचे जाणकार असलेल्या अभियंत्याचे शपथपत्र सोबत जोडता आले तर बळ येईल.

उरलेले तीन टायर आणि स्टेपनी त्याच काळातील असणार. त्यांच्या क्रमांकांची छायाचित्रे काढा, ते उतरवून घरी ठेवा आणि नवे बसवा. नवे टायर घेतले म्हणजे दोष कबूल केला, असा अर्थ आयोग सहसा काढणार नाही. आणि समजा काढला, तरी त्या टायरांवर ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणू नका.