वाचकांचे प्रश्न : भाऊसाहेब बांदोडकर, सिंह आणि दोन पानं

दयानंद बांदोडकरांनी १९६३ची निवडणूक लढवलीच नव्हती. मग ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कसे झाले? (सावंतवाडी)

मंत्रिपदाची शपथ घ्यायला आमदार असावं लागत नाही, सहा महिन्यांच्या आत निवडून मात्र यावं लागतं. भाऊसाहेबांनी २० डिसेंबर १९६३ला सूत्रं घेतली आणि मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. आकड्यांचं गणित त्याहून नाजूक होतं. एकूण जागा ३० : गोव्याच्या २८, दमण आणि दीवची एकेक. भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) १४, मित्र असलेले प्रजा समाजवादी २, गोवा वेगळा ठेवू पाहणारा युनायटेड गोवन्स पक्ष १२, काँग्रेस १, अपक्ष १. सभापती बाजूला काढला की १५ विरुद्ध १४.

महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणाऱ्या पक्षाला लोकांनी निवडून दिलं, जनमत कौलात विलीनीकरण नाकारलं आणि लगेच पुन्हा त्याच पक्षाला सत्ता दिली. हे कसं काय? (बेळगाव)

दोन्ही वेळची मोजणीच वेगळी होती. विधानसभेत मतदारसंघ जिंकायचे असतात. तिथे १६ जागा मिळाल्या म्हणजे निम्म्याहून जास्त मतं मिळाली असं होत नाही. १६ जानेवारी १९६७च्या कौलात मतदारसंघ नव्हते. सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजायची होती. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१, आणि ७,२७२ मतं बाद. फरक ३४,०२१. म्हणजे १७,०११ जणांनी उलटं मत दिलं असतं तर गोवा महाराष्ट्रात गेला असता.

सिंहावर, म्हणजे मगोच्या निवडणूक चिन्हावर, शिक्का मारणाऱ्यांतले काही जण दोन पानांकडे वळले हे उघड आहे. भाटकारांविरुद्ध (जमीनदारांविरुद्ध) उभा राहणारा, बहुजनांच्या पोरांसाठी गावोगाव मराठी शाळा काढणारा मुख्यमंत्री त्यांना हवा होता. पण मुंबईहून चालणारा एक लांबचा जिल्हा होणं नको होतं. सरकारी नोकऱ्या बाहेरचे घेतील ही धास्ती होती, महाराष्ट्रातल्या दारूबंदीची माडा-काजूच्या दारूवर जगणाऱ्यांना होती, आणि कोंकणीचा अभिमान होताच. ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी असूनही वेगळेपणाच्या बाजूने लढलं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सची मागणी होती की मगो सत्तेवर असताना कौल घेऊ नये. भाऊसाहेबांनी ती मानली आणि डिसेंबर १९६६मध्ये सरकारने राजीनामा दिला. हा त्यांचा डावपेचातला चुकीचा हिशेब म्हणतात. आमच्या मते, सत्तेवर राहून कौल जिंकला असता तर त्या निकालावर कुणी विश्वास ठेवला नसता. मार्च १९६७च्या निवडणुकीत मगोला स्वबळावर १६ जागा मिळाल्या, १९७२मध्ये १८.

१९७०मध्ये त्यांचं सरकार पडलं होतं का? (फोंडा)

नाही. मगोचे सात आमदार फुटले, पण युनायटेड गोवन्समधल्या काही आमदारांच्या पाठिंब्यावर सरकार तरलं. दोन्ही बाजूंची फूट तेव्हा बिनदिक्कत चाले. पक्षांतरबंदी कायदा १९८५चा.

‘कसेल त्याची जमीन’ भाऊसाहेबांनीच केली ना? आमच्या आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलेलं आहे, मग जमीन आमचीच झाली का? (पेडणे)

पाया त्यांचा, कळस मुलीचा. १९६४च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं आणि खंडावर (कुळाने मालकाला द्यायच्या मोबदल्यावर) मर्यादा आली, मालकी नाही. भाऊसाहेब १२ ऑगस्ट १९७३ला गेले. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या मुलीच्या, शशिकला काकोडकरांच्या, काळात १९७५चा मुंडकार कायदा (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा) आणि कुळाला मालक मानणारी कूळ कायद्याची १९७६ची पाचवी दुरुस्ती आली.

गाडी अडते ती इथेच. कायद्याने मालक ‘मानलं’ तरी मामलेदाराने किंमत ठरवायची, ती भरायची आणि खरेदीचा दाखला घ्यायचा, एवढं बाकी राहतं. अनेक घरांत आजोबांनी पैसे भरलेच नाहीत किंवा दाखला घेतला नाही, त्यामुळे फॉर्म १-१४वर (गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) ‘कूळ’ या रकान्यात नाव आणि मालकाच्या जागी जुना भाटकार, असं चित्र आजही दिसतं. आधी तो उतारा काढा. घरात खरेदीचा दाखला नसेल तर मामलेदार कचेरीत जुनी फाइल शोधायला अर्ज द्या, आणि आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं त्याच वेळी जोडा. एक वारस सुटला तरी प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येतं.